हेडसेट घ्यावा की स्वतंत्र माइक? वाचकांचे प्रश्न

संगणकावर बोलण्यासाठी कोणते उपकरण घ्यावे, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एका उत्तरातील मुद्दा पुढच्या प्रश्नालाही लागू पडत असल्यामुळे शक्य असल्यास उत्तरे क्रमाने वाचावीत.

प्रश्न : मी शिक्षिका असून रोज चार ते पाच तास संगणकावरून वर्ग घेते. आजवर लॅपटॉपच्याच माइकवर काम भागवले. परंतु आवाज लांबून येतो आणि मधूनमधून शब्द गळतात, अशी विद्यार्थ्यांची तक्रार आहे. शिकवताना मला वरचेवर उठून मागच्या फळ्यावर लिहावे लागते. घरची मंडळी स्टँडवरचा चांगला माइक घे म्हणतात, तर सहकारी हेडसेट सुचवतात. पूर्वी एकदा हेडसेट वापरला तेव्हा कान दुखत असत. अशा स्थितीत काय घ्यावे?

उत्तर : आपण हेडसेटच घ्यावा. आपल्या घरच्यांचा सल्ला चुकीचा आहे असे नाही, पण तो एका जागी बसून बोलणाऱ्या माणसासाठी योग्य आहे.

माइक कितीही उत्तम असला तरी आपला आवाज कोणता आणि पंख्याचा कोणता, हे त्याला ओळखता येत नाही. त्याच्यापर्यंत जे जितक्या जोराने पोहोचते ते तो तितक्या जोराने पुढे पाठवतो. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. हेडसेटच्या दांडीच्या टोकावरचा माइक ओठांपासून साधारण ५ सेंटिमीटरवर असतो, आणि लॅपटॉपचा माइक आपल्यापासून किमान ४० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झाले आणि आपला आवाज १८ डेसिबलने उतरला. आपण फळ्याकडे गेलात आणि अंतर दीड मीटरच्या पुढे गेले, की आणखी १२ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत प्रत्यक्षात पातळी एवढी उतरत नाही, कारण भिंतींवर आपटून परतलेला आवाज थोडी भर घालतो. पण ही भर म्हणजेच तो घुमणारा, लांबून येणारा आवाज, ज्याची विद्यार्थी तक्रार करतात. पंख्याचा आणि रस्त्यावरचा आवाज मात्र माइकपाशी पूर्वी होता तेवढाच राहतो.

शब्द का गळतात, तेही यातूनच समजते. आपण दूर गेल्यामुळे आवाज बारीक झाला की बैठकीचे सॉफ्टवेअर आपण होऊन पातळी वर चढवते. त्याबरोबर पंख्याची घरघरही चढते. मग तेच सॉफ्टवेअर घरघर कापू लागते, आणि त्या कापाकापीत वाक्याच्या शेवटचा हळू उच्चारलेला शब्दही जातो. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटीच येतो. त्यामुळे ‘हे उत्तर बरोबर नाही’ यातले ‘नाही’ गळले, तर विद्यार्थ्याच्या वहीत नेमके उलटे लिहिले जाते. स्टँडवरचा माइक आणल्याने यात फारसा फरक पडणार नाही, कारण आपण फळ्याकडे वळलात की तोही तितकाच दूर राहणार आहे. हेडसेट मात्र मान कुठेही वळवली तरी ओठांबरोबर फिरतो. त्याच्या माइकचा दर्जा मध्यम असला तरी हा एक गुण इतका मोठा आहे की बाकीच्या उणिवा त्यापुढे गौण ठरतात.

आता कानांविषयी. दुखण्याची कारणे बहुधा दोन असतात. ज्या हेडसेटची गादी थेट कानाच्या पाळीवर टेकते, तो तासाभरात पाळी दाबून लाल करतो. चष्मा असेल तर काडी आणि गादी यांच्यामध्ये कातडी चिमटल्यासारखी होते. कानाभोवती बसणारी, कान पूर्ण आत घेणारी मोठी गादी निवडल्यास हा दाब कवटीवर विभागला जातो, पण तिच्यात घाम येतो. आपल्या कामासाठी मला एका कानाचा हेडसेट अधिक योग्य वाटतो. तासागणिक बाजू बदलता येते, दुसरा कान मोकळा राहतो आणि स्वतःचा आवाज नैसर्गिकपणे ऐकू येतो. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व शिक्षकांना विशेष आहे. दोन्ही कान बंद असले की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो आणि दिवसाअखेरी घसा बसतो. दोन्ही कानांचाच हेडसेट घ्यायचा झाल्यास स्वतःचा आवाज किंचित परत ऐकवण्याची सोय त्यात आहे का, ते पाहून घ्यावे. या सोयीला साइडटोन म्हणतात.

विद्यार्थ्यांचा आवाज किती मोठा ठेवावा, यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. रोज पाच तास काम करणाऱ्याने आवाजाची पातळी निम्म्याच्या आसपास ठेवण्याची सवय लावावी आणि तेवढ्यावर ऐकू येत नसेल तर आवाज वाढवण्याऐवजी खोलीतला गोंगाट कमी करण्याकडे पाहावे.

फळ्यापर्यंत जायचे म्हणजे वायर नको. मात्र बिनतारी हेडसेट घेताना तो संगणकाला कोणत्या मार्गाने जोडला जातो हे पाहणे आवश्यक आहे. त्याचे कारण खाली ब्लूटूथच्या प्रश्नात दिले आहे. डोक्यावर काहीच नको असेल, तर पदराला किंवा कॉलरला लावायचा छोटा क्लिप माइक हा पर्याय उरतो. तो हनुवटीपासून वीतभर अंतरावर लावावा. हे माइक बहुधा सर्व दिशांचा आवाज घेतात आणि कपड्याची सळसळही टिपतात, म्हणून घरात वर्दळ असेल तर त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

प्रश्न : मी घरून काम करतो. हेडसेटचा कंटाळा आल्यामुळे यूएसबीवर चालणारा कंडेन्सर माइक घेतला आणि त्याच्या सोबतच्या छोट्या स्टँडवर मॉनिटरपाशी ठेवला. बैठकीत सगळे म्हणतात की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि कीबोर्डची टकटक बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येते. माइक सदोष आहे का? काही जण म्हणतात, कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माइक घेतला असता तर गोंगाट आला नसता. ते खरे आहे का?

उत्तर : माइक सदोष असण्याची शक्यता कमी आहे. तो परत करण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात, आणि त्यांतील पहिली इतकी साधी आहे की जवळजवळ प्रत्येक जण ती वगळतो : संगणक खरोखर याच माइकवरून ऐकत आहे का? लॅपटॉपचा एक माइक असतो, वेबकॅमचा दुसरा असतो, नवा हा तिसरा. बैठकीच्या सॉफ्टवेअरची निवड संगणकाच्या निवडीपेक्षा वेगळी असू शकते. आवाजाच्या सेटिंगमधली पातळी दाखवणारी पट्टी उघडी ठेवून नव्या माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडावे. पट्टी एकदम उडाली पाहिजे. नंतर लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे माइकचे बारीक छिद्र असते, तिथे खरवडावे. पट्टी लॅपटॉपपाशी उडत असेल आणि नव्या माइकपाशी हलत नसेल, तर आपला नवा माइक आजपर्यंत टेबलावर नुसता उभा होता.

दुसरी गोष्ट माइकच्या तोंडाची. टेबलावर उभे राहणारे बहुतेक मोठे कंडेन्सर माइक बाजूने आवाज घेतात, वरच्या टोकातून नव्हे. गाण्याच्या कार्यक्रमात हातातला माइक टोकाकडून वापरलेला पाहून लोक याही माइकचे टोक तोंडाकडे वळवतात, आणि मग त्यातला आवाज टिपणारा पडदा त्यांच्याकडे आडवा होतो. सामान्यतः ज्या बाजूला निर्मात्याचे चिन्ह असते ती पुढची बाजू. तिच्याकडे तोंड करून बोलावे. माइकवर दिशा बदलण्याची कळ असेल तर ती बदामाच्या आकाराच्या, म्हणजे कार्डिऑइड, चिन्हावर ठेवावी. या स्थितीत माइक समोरचे सर्वाधिक आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो.

आता टकटकीकडे येऊ. आपल्या मांडणीत मॉनिटरपाशी माइक, त्याच्यापुढे कीबोर्ड आणि त्याच्यामागे आपण, असा क्रम आहे. म्हणजे माइकच्या ऐकण्याच्या दिशेत कीबोर्ड आपल्यापेक्षा आधी येतो : कळा वीतभर अंतरावर आणि ओठ हातभर अंतरावर. शिवाय टेबलाच्या फळीतून स्टँडमध्ये शिरणारा हादरा वेगळाच. अशा स्थितीत टकटक बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येणारच. माइक कीबोर्ड आणि चेहरा यांच्या मध्ये, खालून वर ओठांकडे कललेला असा आणला, की अंतरही १०–१५ सेंटिमीटर होते आणि माइकची पाठ कीबोर्डकडे जाते. हे काम छोट्या स्टँडने होत नाही. त्यासाठी टेबलाच्या कडेला आवळून बसवायची लवचीक भुजा लागते. माझ्या मते स्वतंत्र माइक घेणाऱ्याने भुजेची किंमत माइकच्याच किमतीत धरावी आणि प्रसंगी थोडा कमी प्रतीचा माइक घेऊन भुजा चांगली घ्यावी.

जागा बदलल्यावर गेन, म्हणजे माइकची संवेदनशीलता, पुन्हा लावावी लागते. दूर ठेवलेल्या माइकसाठी ती चढवलेली असते. माइक जवळ आल्यावर ती उतरवली नाही तर आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्वीसारखा होत नाही. नेहमीच्या जोराने बोलताना पातळीचे शिखर कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील, असे पाहावे, म्हणजे हसताना किंवा आवाज चढला तरी जागा उरते. नंतर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ऐकावे. स्वतःचा आवाज परका वाटला तर माइकला दोष देऊ नये. बोलताना आपण आपला आवाज हवेतून ऐकतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. ध्वनिमुद्रणात हाडांतला भाग नसल्यामुळे तो पातळ भासतो.

घुमण्याचा उरलेला भाग खोलीचा आहे. उघड्या भिंती, फरशी आणि काचेची खिडकी यांवरून आवाज परततो. जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट, अंथरूण आणि गादी तो शोषतात. शोषणारे काहीतरी आपल्या पाठीमागे असले तर अधिक फायदा होतो, कारण माइक आपल्या दिशेलाच पाहत असतो आणि आपल्या मागची भिंत त्याच्या समोर येते. भिंतींना फोमचे तुकडे चिकटवण्याची घाई मात्र करू नये. पातळ फोम फक्त तीव्र स्वर शोषतो, आणि खालचा घुमारा तसाच राहतो.

डायनॅमिक माइक गोंगाट गाळतो, ही समजूत फार पसरली आहे. ती आहे तशी खरी नाही. डायनॅमिक माइकमध्ये चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यातून वीज निर्माण होते, कंडेन्सरमध्ये विद्युतभारित पातळ पडद्याच्या कंपनातून. डायनॅमिकची संवेदनशीलता कमी असते, म्हणून तो जवळ धरूनच बोलावे लागते, आणि जवळ धरल्यामुळे गोंगाट कमी येतो. तोच कंडेन्सर माइक तितक्याच अंतरावर आणि तितक्याच एकमार्गी श्रवणदिशेत ठेवला, तर बोलणे आणि गोंगाट यांचे प्रमाण जवळपास तेच राहते. म्हणून आणखी एक माइक घेण्याची आपल्याला गरज नाही. आहे तो चेहऱ्यापाशी आणावा. तसे करणे शक्य नसेल, चेहऱ्यासमोर माइक असणे आवडत नसेल, किंवा बैठकीत खुर्ची मागे रेलून ऐकण्याची सवय असेल, तर हेडसेट पुन्हा घालण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

एक पुरवणी सूचना : हेडसेट काढल्यानंतर आपण बैठक स्पीकरवर ऐकत असाल, तर स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला त्याचेच बोलणे परत ऐकू येऊ नये म्हणून सॉफ्टवेअरला तो वजा करावा लागतो. दोघे एकदम बोलले की या वजाबाकीत शब्द कापले जातात. साधे इअरफोन कानात घातले तरी ही अडचण मुळातून जाते.

प्रश्न : माझ्या ब्लूटूथ हेडफोनवर गाणी फार सुरेख ऐकू येतात; पण बैठक सुरू होताच सगळ्यांचे आवाज जुन्या टेलिफोनसारखे होतात आणि माझाही आवाज दबका जातो म्हणतात. हेडफोन बिघडला आहे का?

उत्तर : बिघडलेला नाही. ब्लूटूथमध्ये ऐकण्यासाठी एक पद्धत आहे आणि दोन्हीकडून बोलण्यासाठी दुसरी. पहिल्या पद्धतीत सगळी क्षमता कानाकडे येणाऱ्या आवाजाला मिळते. हेडफोनमधला माइक सुरू झाला की संगणक दुसऱ्या पद्धतीवर जातो. तिथे आवाज एकाच वाहिनीत येतो आणि त्याचे दर सेकंदाला ८,००० किंवा नव्या उपकरणांत १६,००० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मापे, घेतले जातात. सीडीवर हाच आकडा ४४,१०० असतो. सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचाच (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येपर्यंतचाच) आवाज टिकत असल्यामुळे ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्‌झच्या वरचे सारे नाहीसे होते. स, श, फ या वर्णांची ओळख पटवणारा बराच भाग नेमका तिथे असतो, म्हणून नाव सांगताना ‘सडके’ की ‘फडके’ असा घोळ होतो.

उपाय सोपा आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडफोन ठेवावा आणि बोलण्यासाठी दुसरा कोणताही माइक निवडावा : वायरचा, यूएसबीचा, शांत खोली असेल तर लॅपटॉपचाही. हेडफोनचा माइक कोणी मागितला नाही की गाण्यांसाठीची चांगली पद्धतच चालू राहते. बिनतारी हेडसेट नव्याने घ्यायचा असल्यास, ज्याच्यासोबत यूएसबीत खोचायचा स्वतःचा छोटा रिसीव्हर मिळतो आणि जो ब्लूटूथऐवजी स्वतःच्या रेडिओ दुव्यावर चालतो, असा पाहावा. २०२० साली जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ मानकाने दोन्ही बाजूंचा आवाज सुधारतो, पण त्यासाठी संगणक आणि हेडसेट दोघांमध्येही ती सोय असावी लागते. केवळ हेडसेटच्या खोक्यावर तसे छापलेले असून भागत नाही.

प्रश्न : ‘नॉइज कॅन्सलिंग’ असे स्पष्ट लिहिलेला हेडसेट घेतला. मला बाहेरचे काहीही ऐकू येत नाही, तरी समोरच्याला माझ्या घरातले सगळे ऐकू जाते. हे कसे?

उत्तर : आपल्याला काही ऐकू येत नाही, यावरूनच तो हेडसेट त्याचे काम नीट करतो आहे हे दिसते. मात्र ते काम आपल्या कानांसाठीचे आहे. कानाच्या वाटीवर बसवलेले छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याची उलटी लहर कानात सोडून तो मिटवतात. पंखा, विमान, वातानुकूलन यांच्या एकसुरी घरघरीवर ही युक्ती छान चालते, माणसांच्या बोलण्यावर कमी. समोरच्याला गोंगाट जाऊ नये म्हणून लागणारी सोय बोलण्याच्या माइकमध्ये असावी लागते. तिथे आवाज पुढून आणि मागून दोन्हीकडून पडद्यावर येऊ दिला जातो. लांबचा गोंगाट दोन्ही बाजूंना सारखाच पोहोचून बराचसा मिटतो, जवळच्या ओठांचा आवाज मात्र एका बाजूने जोरात येऊन टिकतो. दांडी ओठांजवळ नसेल तर ही करामत चालत नाही. अनेकजण दांडी हनुवटीखाली किंवा गालाकडे वर ढकलून ठेवतात. आपण प्रथम ती ओठांच्या कोपऱ्यापाशी आणून पाहावी.

आपल्याला बाहेरचे ऐकू येत नाही, तसा स्वतःचा आवाजही कमी ऐकू येतो, हेही लक्षात ठेवावे. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. स्वतःचा आवाज कानाआड झाला तरी परिणाम तसाच होतो. शेजारच्या खोलीतले लोक आपल्या ओरडण्याविषयी बोलत असतील तर त्यांचे म्हणणे मनावर घ्यावे.

प्रश्न : मी भाषांतरकार आहे. मनगटाच्या दुखण्यामुळे टंकलेखन कमी करून बोलून लिहिण्याचा विचार आहे. अचूकता वाढावी म्हणून ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचा माइक घ्यावा का?

उत्तर : त्याची आवश्यकता नाही. बोलण्याचे लेखन करणाऱ्या बहुतेक प्रणाली दर सेकंदाला १६,००० नमुन्यांवर काम करतात. महागड्या माइकने टिपलेली त्यापुढची नजाकत त्या वापरतच नाहीत. त्यांना हवे असते ते सातत्य. आपण मूळ मजकूर पाहायला डावीकडे वळणार, शब्दकोश पाहायला वाकणार, शब्द सुचेपर्यंत मागे रेलणार. स्टँडवरच्या माइकला या प्रत्येक हालचालीत वेगळा आवाज मिळतो. हेडसेटला तो एकसारखा मिळतो. यूएसबीवर चालणारा वायरचा, हलका हेडसेट घ्यावा, म्हणजे चार्जिंगही पाहावे लागत नाही.

दांडी कुठे ठेवता, यावर मात्र बरेच अवलंबून आहे, आणि मराठी बोलणाऱ्यासाठी तर विशेष. ख, घ, थ, ध, फ, भ ही महाप्राण व्यंजने उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तळहात ओठांसमोर धरून ‘पण’ आणि ‘फळ’ असे म्हणून पाहिल्यास फरक हातालाच कळतो. हा झोत थेट माइकवर आदळला की ‘धप्प’ असा आवाज होतो, आणि प्रणालीला त्यातून व्यंजन ओळखता येत नाही. म्हणून माइक ओठांसमोर नको. ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, दोन बोटे अंतरावर, किंचित खाली असावा. फोमची टोपी काढून ठेवू नये. रोज बसताना दांडी त्याच जागी आणावी, आणि श्वास ऐकू येत असेल तर ती आणखी थोडी गालाकडे सरकवावी.

मनगट दुखत असल्यामुळे आणखी एक सुचवतो. लिहून झाल्यावर दुरुस्त्या हातानेच करण्याचा मोह होतो. त्याही शक्य तितक्या बोलून कराव्यात, आणि सलग फार वेळ बोलू नये. मनगटाचा भार घशावर टाकून दोन्ही दुखणी पदरात पडल्याची उदाहरणे आहेत. पाण्याचे भांडे जवळ असू द्यावे आणि नेहमीच्या संभाषणाच्या सुरातच बोलावे. शब्द तोडून, ओरडून बोलल्याने अचूकता वाढत नाही.

प्रश्न : मोबाईलवर चालणारा एका पिनचा हेडसेट जुन्या डेस्कटॉपला लावला. ऐकू येते, पण माइक चालत नाही.

उत्तर : पिनेकडे नीट पाहावे. तिच्यावर तीन काळे पट्टे असतील, म्हणजे धातूचे चार भाग असतील, तर त्यांपैकी दोन ऐकण्याचे, एक माइकचा आणि एक सामाईक. जुन्या डेस्कटॉपला हिरवे छिद्र ऐकण्यासाठी आणि गुलाबी छिद्र माइकसाठी असे वेगळे असते. हिरव्यात घातलेल्या पिनेचा माइकचा भाग कोठेच पोहोचत नाही. एका बाजूला चार भागांच्या पिनेचे छिद्र आणि दुसऱ्या बाजूला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असलेली जोडवायर मिळते, ती लावावी. तरीही खरखर आल्यास छोटे यूएसबी साउंड कार्ड घेऊन त्याला हेडसेट जोडावा, कारण जुन्या डेस्कटॉपच्या आतल्या विद्युत मंडलांची खरखर बऱ्याचदा त्याच छिद्रांतून येते.

प्रश्न : दिवसा कार्यालयीन बैठका असतात आणि रात्री मी माझ्याच आवाजात कथांचे ध्वनिमुद्रण करतो. एकच वस्तू घ्यायची झाल्यास कोणती?

उत्तर : आपल्या बाबतीत स्वतंत्र माइक. वर बहुतेकांना हेडसेट सुचवला असला, तरी कथेचा श्रोता निराळा असतो. बैठकीत लोकांना आपले म्हणणे कळले की पुरते. कथा ऐकणाऱ्याला कुजबुज, थांबा, आवाजातला खर्ज आणि पात्राचा बदललेला सूर हे सगळे हवे असते. हेडसेटचा छोटा माइक बोलणे सुबोध करण्यासाठी घडवलेला असतो, त्यात खर्ज कापलेला असतो, आणि ओठांच्या इतक्या जवळ असल्यामुळे जिभेचे चटचट आवाज आणि श्वास ठळक होतात. स्वतंत्र माइकपासून १५–२० सेंटिमीटरवर, समोर जाळीदार पडदा लावून आणि तोंड किंचित तिरके ठेवून वाचले, तर आवाजाला जी भरदार गोलाई येते, ती कोणताही हेडसेट देत नाही. एकमार्गी श्रवणदिशेच्या माइकजवळ जावे तसा खर्ज वाढतो. रहस्यकथेत याचा जाणीवपूर्वक उपयोग करता येतो, पण एकाच पात्रासाठी अंतर बदलत राहिले तर ते पात्र दोन माणसांचे वाटते.

रात्रीची वेळ निवडली आहे, ते उत्तमच. तरी मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा आणि संगणक शक्य तितका माइकच्या पाठीमागे ठेवावा. सुरुवातीला काही सेकंद न बोलता खोलीची नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी; पुढे वाक्ये काढून टाकल्यावर मधल्या फटीत तीच शांतता भरली की जोड ऐकू येत नाही.

बैठकांसाठी तोच माइक भुजेवर थोडा जवळ ओढून वापरावा आणि गेन तेवढा उतरवावा. सोबत घरातले साधे वायरचे हेडफोन चालतील, फक्त ते कान पूर्ण झाकणारे असावेत, नाहीतर त्यांतून गळणारा आवाज मुद्रणात उतरतो. माइकवरच हेडफोनचे छिद्र असेल तर ते संगणकाऐवजी तिथे जोडावेत. तिथे आपला आवाज संगणकाचा फेरा न घालता लगेच ऐकू येतो. संगणकातून आलेला आवाज क्षणभर उशिरा पोहोचला, तर त्या उशिराने वाचताना जीभ अडखळते.